सात आमदारांचा विरोधी पक्षनेता

२५ डिसेंबर २०२५ ला नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी विमानं उडू लागली. या विमानतळाला लोकनेते दि. बा. पाटील यांचं नाव द्यावं, असा ठराव महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २०२२ मध्ये केला आहे. त्यासाठी आधी इथल्या गावकऱ्यांनी मानवी साखळी केली, मोर्चे काढले. दि. बा. म्हणजे जानेवारी १९८४ चं उरणचं आंदोलन, गोळीबारात गेलेले पाच हुतात्मे आणि साडेबारा टक्के, एवढं घणसोलीपासून उलव्यापर्यंत कुणीही सांगेल. सिडकोने जमीन घेतली त्यांना विकसित जमिनीचा वाटा परत मिळायला हवा, हे ज्यांनी लढून पदरात पाडून घेतलं, ते दि. बा.

त्यांच्या आयुष्यातली आणखी एक गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. १९७२ ते १९७७ या काळात ते विधानसभेचे विरोधी पक्षनेते होते. सभागृह २७० जणांचं. १९७२ च्या निवडणुकीत काँग्रेसचे २२२ आमदार निवडून आले होते आणि दि. बां.च्या शेतकरी कामगार पक्षाचे सात. होय, सात.

आता डिसेंबर २०२५ चं नागपूरचं हिवाळी अधिवेशन आठवा. ८ ते १४ डिसेंबर, जेमतेम आठवडाभर. विधानसभेत विरोधी पक्षनेता नव्हता. ऑगस्टमध्ये अंबादास दानवे यांची मुदत संपल्यापासून विधान परिषदेतही नव्हता. विधानसभेत शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाचे २० आमदार निवडून आले, काँग्रेसचे १६, राष्ट्रवादी (शरदचंद्र पवार) पक्षाचे १०. ठाकरे गटाने मार्चमध्ये भास्कर जाधव यांच्या नावाचं पत्र अध्यक्षांना दिलं. २०२५ संपत आलं तरी निर्णय झाला नव्हता. होही नाही, नाहीही नाही. सातांचा नेता होऊ शकत होता, विसांचा होऊ शकत नाही. आणि ज्या विधिमंडळाने त्या सातांच्या नेत्याचं नाव विमानतळाला द्यायचं ठरवलं, तेच हे विधिमंडळ आहे.

कारण म्हणून सांगितला जातो तो दहा टक्क्यांचा नियम. २८८ चे दहा टक्के म्हणजे २९. तेवढे एका पक्षाकडे नाहीत, म्हणून पद नाही. आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही हे 'संविधानात लिहिलंय' म्हणून फिरत होतं. संविधानात असं काही नाही. महाराष्ट्रात विरोधी पक्षनेत्यांच्या वेतन-भत्त्यांचा १९७८ चा कायदा आहे. त्यातली व्याख्या साधी आहे: सरकारविरोधी पक्षांपैकी ज्याची सदस्यसंख्या सर्वांत जास्त, त्याचा सभागृहातला नेता, ज्याला अध्यक्षांनी मान्यता दिली आहे असा. टक्केवारीचा उल्लेख नाही. दहा टक्क्यांची कल्पना आली ती लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांच्या काळातून. सभागृहाची गणसंख्या एक दशांश असते. स्वतःच्या बळावर गणसंख्या राखू शकेल त्याला सभागृहातला पक्ष म्हणून मान्यता द्यावी, असा त्यामागचा हिशेब. म्हणजे प्रश्न होता पक्ष म्हणून मान्यतेचा, बसण्याची जागा, खोली, बोलण्याची वेळ यांचा. तो पुढे विरोधी पक्षनेत्याच्या पदाला चिकटवला गेला.

महाराष्ट्राने स्वतः हा नियम कधी फारसा पाळलेला दिसत नाही. १९६२ मध्ये शेकापचे १५ आमदार होते, १९६७ मध्ये १९. दोन्ही वेळा दहा टक्क्यांच्या आत, आणि ती सगळी दहा वर्षं कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते होते. १९७८ चा कायदा आल्यानंतरही तेच. १९८५ च्या निवडणुकीत जनता पक्षाला २० जागा मिळाल्या, शेकापला १३. पुढच्या वर्षी शरद पवारांचा समाजवादी काँग्रेस पक्ष काँग्रेसमध्ये विलीन झाला आणि विरोधी बाकांवर मोठं कुणी उरलंच नाही. तेव्हा विरोधी पक्षनेते झाले जनता पक्षाचे निहाल अहमद, मग शेकापचे दत्ता पाटील, मग जनता पक्षाच्या मृणाल गोरे. लहान पक्षांनी पद आपसांत वाटून घेतलं आणि सभागृहाने ते मान्य केलं.

निहाल अहमद हे नाव आपल्या पिढीला कितपत माहीत आहे, कोण जाणे. मालेगावचे समाजवादी नेते, यंत्रमागाच्या गावातले. २८८ च्या सभागृहात २० जणांच्या पक्षाचा एक मुसलमान आमदार महाराष्ट्राचा विरोधी पक्षनेता होऊ शकला, कारण त्या वेळी आकडा कमी असला तरी खुर्ची भरायची असते असं मानणारी माणसं समोरच्या बाकांवर होती.

'माणसं' हा शब्द इथे मला टोचतो. माणसं चांगली होती म्हणून चाललं. माणसं बदलली आणि थांबलं. कायद्यात 'अध्यक्षांनी मान्यता दिली आहे असा' एवढंच आहे; मान्यता किती दिवसांत द्यायची, नाकारली तर लेखी कारण द्यायचं का, हे नाही. मी सॉफ्टवेअर लिहितो. ज्या प्रणालीत एखादी पायरी पूर्ण व्हायला कमाल वेळच ठरवलेला नाही, ती कधी ना कधी तिथेच अडकून बसते. त्यात कुणाचा वाईट हेतू असावाच लागतो असं नाही, पण असेल तर त्याला ती जागा आयती मिळते.

उलट उदाहरण आपल्याच देशात आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात राज्य माहिती आयुक्त निवडण्याच्या समितीवर मुख्यमंत्री, एक मंत्री आणि विधानसभेतला विरोधी पक्षनेता असतो. कायदा लिहिणाऱ्यांनी पुढचं ओळखून एक खुलासा जोडला: विरोधी पक्षनेत्याला मान्यता मिळालेली नसेल, तर विरोधातल्या सर्वांत मोठ्या गटाचा नेता हाच विरोधी पक्षनेता समजला जाईल. एक वाक्य. अध्यक्ष गप्प बसले तरी काम अडत नाही. १९७८ च्या कायद्यात अशा एका वाक्याची भर घालायला विधिमंडळाला अर्धा तास लागेल.

पद नसल्याने असं काय बिघडतं, असं विचारणारे मित्र आहेत. गाडी आणि बंगला गेला, एवढंच ना? विरोधी पक्षनेत्याला कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा असतो हे खरं. पण त्या दर्जापेक्षा महत्त्वाचं आहे ते हे, की तो उठला की त्याला बोलू द्यायची प्रथा असते, मंत्र्याला त्याला उत्तर द्यावं लागतं, आणि माहिती आयोग, मानवी हक्क आयोग यांच्या नेमणुकांच्या टेबलावर तो बसलेला असतो. तिथे तो हरणारच असतो. समितीत त्याचं एक मत, सरकारची जास्त. तरी तो तिथे बसलाय म्हणून कुणाचं नाव आणायचं आणि कुणाचं नाही, याचा विचार आधी करावा लागतो.

माझ्या टीममध्ये एक नियम आहे. स्वतः लिहिलेला कोड स्वतःच मुख्य शाखेत घालता येत नाही; दुसऱ्या कुणी तरी तो वाचावा लागतो. आणि टीममधल्या सगळ्यात नव्या मुलीने त्यावर शंका काढली तर तिला उत्तर द्यावंच लागतं. तिचं म्हणणं मान्य करायचं बंधन नाही. उत्तर द्यायचं मात्र आहे. या बंधनामुळेच लोक मुळात जरा नीट लिहितात. सभागृहातल्या अल्पमताचा हक्क माझ्या लेखी नेमका एवढाच आहे: जिंकण्याचा नाही, उत्तर मिळवण्याचा.

अल्पमताला सगळं अडवायचा हक्क देणंही धोक्याचं असतं. अमेरिकेच्या सिनेटमध्ये लांबण लावून विधेयक रोखून धरायची सोय आहे, आणि कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांचे कायदे दक्षिणेतल्या सिनेटरांनी वर्षानुवर्षं त्याच सोयीने रोखले. १९६४ मध्ये ती कोंडी फुटली तेव्हा कुठे नागरी हक्क कायदा झाला. सभागृहातलं अल्पमत म्हणजे समाजातला दुबळा असं समीकरण नसतं. जर्मनीने मला वाटतं बरा मार्ग काढला. तिथे एक चतुर्थांश खासदारांनी मागणी केली की चौकशी समिती नेमावीच लागते. २०१३ नंतर दोन मोठे पक्ष एकत्र सत्तेत आले आणि ६३१ जणांच्या संसदेत विरोधकांचे उरले १२७, म्हणजे चतुर्थांशापेक्षा कमी. तेव्हा त्या सत्ताधाऱ्यांनी त्या कार्यकाळापुरता नियम खाली आणला: १२० जणांनी मागितलं तरी पुरे. आकडा कमी पडला म्हणून हक्क काढून घेतला नाही, हक्क राहावा म्हणून आकडा बदलला. दिल्लीत २०१५ मध्ये आम आदमी पक्षाचे ७० पैकी ६७ आमदार आले, भाजपचे तीन. तरी भाजपचे विजेंदर गुप्ता विरोधी पक्षनेते झाले. तीन!

आता थोडं कडू बोलतो, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांची मतं महाविकास आघाडीकडे जातात. ५ जुलै २०२१ रोजी त्या आघाडीचं सरकार असताना भाजपचे बारा आमदार वर्षभरासाठी निलंबित केले गेले. गैरवर्तन झालं होतं, त्याबद्दल शिक्षा हवी होती, हे मान्य. पण वर्षभर? बारा मतदारसंघांना वर्षभर आमदारच नाही? सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०२२ रोजी हा ठराव घटनाबाह्य ठरवला. निलंबन त्या अधिवेशनापुरतंच असू शकतं, असं सांगितलं. त्या दिवशी अध्यक्षांच्या खुर्चीवर तालिका अध्यक्ष म्हणून बसले होते भास्कर जाधव. २०२५ मध्ये विरोधी पक्षनेतेपदाची वाट पाहत होते तेही भास्कर जाधव. यात मला कुणाची गंमत करायची नाही. पण तेव्हा टाळ्या वाजवणारे आणि आज लोकशाही धोक्यात आहे म्हणणारे माझ्या ओळखीत एकच आहेत. नियम आपल्या नावडत्या माणसाचं रक्षण करत नसेल, तर तो आपलंही करणार नाही.

आपण मुसलमान तरुण निवडणुकीनंतर पहिलं काय करतो? मोजतो. २०२४ मध्ये २८८ पैकी दहा मुसलमान आमदार निवडून आले. दहाचे पंधरा झाले तर आनंद, आठ झाले तर हळहळ. ही मोजणी खोटी नाही. प्रतिनिधित्वाचा प्रश्न खराच आहे. पण पंधरा झाले, वीस झाले, लोकसंख्येच्या प्रमाणात झाले, तरी २८८ मध्ये ते अल्पमतच असणार. त्यांचं म्हणणं ऐकलं जाईल की नाही, हे त्यांच्या संख्येवर कमी आणि सभागृह अल्पमताला कसं वागवतं यावर जास्त अवलंबून आहे. बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये राजकीय बहुमत आणि जमातीचं बहुमत यांतला फरक मांडला होता. राजकीय बहुमत बनतं, मोडतं, पुन्हा बनतं. जमातीचं बहुमत जन्माने ठरलेलं असतं. आपलं सगळं हित सभागृहातलं बहुमत पहिल्या प्रकारचं राहण्यात आहे. आणि ते तसं राहतं, जेव्हा आज हरलेल्याला उद्या जिंकायची वाट मोकळी असते, त्याला आज बोलता येतं, त्याचं म्हणणं नोंदलं जातं. म्हणून विरोधी पक्षनेत्याची खुर्ची भास्कर जाधवांना मिळते की आणखी कुणाला, यात मला काडीचा रस नसला तरी ती भरलेली असण्यात माझा स्वार्थ आहे.

२०२४ मध्ये दोन विधेयकं दोन समित्यांकडे गेली. दोन्ही आपल्या जिव्हाळ्याची.

पहिलं वक्फ सुधारणा विधेयक. ऑगस्ट २०२४ मध्ये लोकसभेत मांडलं आणि ३१ खासदारांच्या संयुक्त समितीकडे गेलं. नवी मुंबई ज्या ठाणे लोकसभा मतदारसंघात येते तिथले खासदार नरेश म्हस्के या समितीवर होते, आणि खाडीपलीकडच्या भिवंडीचे सुरेश म्हात्रे, म्हणजे बाळ्यामामाही. एक सत्ताधारी, एक विरोधी. बैठका झाल्या, दौरे झाले, जानेवारी २०२५ मध्ये एका बैठकीत विरोधातले दहा सदस्य दिवसभरासाठी निलंबित झाले, आणि शेवटी सुधारणांवर मतदान. विरोधकांच्या ४४ सुधारणा सगळ्या फेटाळल्या. सत्ताधाऱ्यांच्या १४ मान्य. अहवाल १५ विरुद्ध ११ मतांनी स्वीकारला. विरोधकांनी जोडलेल्या असहमतीच्या टिपणांतले काही भाग आधी वगळले होते. राज्यसभेत गदारोळ झाल्यावर ते परत घेतले. एप्रिलच्या सुरुवातीला लोकसभेत मध्यरात्रीनंतर २८८ विरुद्ध २३२ मतांनी विधेयक मंजूर झालं.

कायद्याच्या गुणदोषांत इथे शिरत नाही, त्यावर या मासिकात बरंच आलं आहे. मला एवढंच दिसतं, की समितीत एकतर्फी मतदान होऊनही ती टिपणं वाया गेली नाहीत. वक्फ करणाऱ्याने पाच वर्षं इस्लामचं पालन केलेलं असावं ही अट, आणि सरकारी अधिकाऱ्याचा अहवाल येईपर्यंत मालमत्ता वक्फ मानायची नाही ही तरतूद, या दोन्हींवर विरोधकांनी बोट ठेवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर २०२५ च्या अंतरिम आदेशात या दोन्ही तूर्त रोखल्या. संसदेतच तडजोड झाली असती तर हे न्यायालयापर्यंत जावं लागलं नसतं.

दुसरं आपल्या राज्याचं विशेष जनसुरक्षा विधेयक. जुलै २०२४ मध्ये आलं, डिसेंबरमध्ये पुन्हा मांडलं आणि दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं. अध्यक्ष चंद्रशेखर बावनकुळे, सदस्यांत जयंत पाटील, नाना पटोले, जितेंद्र आव्हाड, भास्कर जाधव. लोकांकडून बारा हजारांहून जास्त सूचना आल्या. मूळ मसुद्यात 'व्यक्ती आणि संघटना' असं मोघम होतं. ते जाऊन कडव्या डाव्या विचारसरणीच्या आणि तत्सम संघटना असं झालं. सल्लागार मंडळाचा अध्यक्ष उच्च न्यायालयाचा आजी किंवा माजी न्यायाधीश असेल असं ठरलं. तपास उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला.

हे बदल पुरेसे आहेत असं मी म्हणत नाही. बेकायदा कृत्याची व्याख्या अजूनही इतकी ढिली आहे की तिच्यात एखादं साधं निषेध आंदोलनही बसवता येईल, आणि 'तत्सम' हा शब्द मला झोपू देत नाही. तरी पहिल्या मसुद्यात तुम्ही-मी व्यक्ती म्हणून होतो, शेवटच्यात ते नाव गेलं. ते समितीमुळे आणि बारा हजार सूचनांमुळे गेलं. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. समितीतल्या विरोधी सदस्यांना असहमतीचं टिपण जोडायचा हक्क होता. त्यांनी तो वापरला नाही. १० जुलै २०२५ ला विधानसभेत विधेयक आवाजी मतदानाने मंजूर झालं तेव्हा ठाम विरोध करणारा आमदार एकच, डहाणूचे माकपचे विनोद निकोले. दुसऱ्या दिवशी परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला, पण टिपण नसल्याने सरकार छातीठोकपणे सांगू शकलं की समितीत तुमचा विरोध नव्हता. वक्फच्या समितीत विरोधक ४४ वेळा हरले आणि त्यांचं हरणं कागदावर राहिलं. जनसुरक्षेच्या समितीत थोडं मिळवलं आणि उरलेलं नोंदवायला विसरले, किंवा नोंदवायचं नव्हतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारने धर्मांतर आणि तथाकथित लव्ह जिहाद यांवरच्या कायद्याचा विचार करायला पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली. तो कायदा आला तर तो संयुक्त समितीकडे जावा ही पहिली मागणी, सूचना हजारांनी पाठवणं हे पहिलं काम, आणि असहमती लिहून द्या असं आपल्या आमदाराला बजावणं हे दुसरं.

तडजोड म्हटलं की आपल्याकडे लगेच 'सेटिंग' असा अर्थ घेतला जातो. चांगल्या तडजोडीचा एक नमुना दर महिन्याला माझ्या पगाराच्या स्लिपवर असतो. व्यवसाय कर, २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. ऐरोलीच्या आयटी पार्कात बसणाऱ्या प्रत्येकाचे वर्षाला अडीच हजार जातात आणि सगळे त्याला शिव्या घालतात. हा कर १९७५ चा. ७२ च्या दुष्काळानंतर उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेला पैसा लागणार होता, म्हणून शहरातल्या पगारदारांवर तो बसवला. योजनेचे जनक वि. स. पागे काँग्रेसचे, विधान परिषदेचे सभापती. तिचा कायदा १९७७ मध्ये दोन्ही सभागृहांनी एकमताने केला. म्हणजे विरोधकांसकट. आज केंद्र आणि राज्य पातळीवर एकमताने असं काही होईल का? पक्षांतरबंदी कायद्याने प्रत्येक सदस्याच्या गळ्यात पक्षादेशाची दोरी बांधल्यावर त्याला पटलं तरी समोरच्या बाजूने हात वर करता येत नाही. तो कायदा १९८५ चा, घोडेबाजार रोखायला आणलेला. महाराष्ट्रात २०२२ आणि २०२३ मध्ये जे झालं ते पाहता घोडेबाजार तर थांबला नाही, तडजोड मात्र थांबली.

विधानसभेचे नियम आपल्या हातात नाहीत. महापालिकेचे थोडेफार आहेत. नवी मुंबई महापालिकेची मुदत मे २०२० मध्ये संपली. कोविडमुळे निवडणूक पुढे ढकलली ती साडेपाच वर्षं ढकललेलीच राहिली. इतका काळ आयुक्त हेच प्रशासक, तेच सभागृह, तेच स्थायी समिती. कचऱ्याचं कंत्राट असो की मोरबे धरणातल्या पाण्याचं वाटप, सभागृहात उठून प्रश्न विचारायला नगरसेवक नव्हता. तळवली-कोपरखैरणेतल्या माझ्या ओळखीच्या कितीतरी मुलांनी अठरा वर्षं पूर्ण केल्यापासून पालिकेसाठी मतदानच केलेलं नव्हतं.

१५ जानेवारी २०२६ ही त्यासाठीची तारीख ठरली. २८ प्रभाग, १११ जागा. आणि इथला कायदा विधिमंडळापेक्षा जास्त शहाणा आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात सभागृहातल्या विरोधी पक्षनेत्याची तरतूद आहे. कलम ३१ अ सांगतं की समित्यांवरचे सदस्य पक्षांच्या आणि गटांच्या संख्याबळाच्या प्रमाणात घ्यायचे. स्थायी समिती १६ जणांची. मोठी कंत्राटं तिच्यासमोर येतात. बहुमतवाल्यांना सोळाच्या सोळा जागा घेता येत नाहीत. विरोधकांना तिथे बसायची परवानगी मागावी लागत नाही. जागा त्यांची असते. आता हेही खरं, की समितीत बसलेले सत्ताधारी आणि विरोधक कंत्राटावर एकमत करून उठतात तेव्हा ती तडजोड नागरिकांच्या फायद्याचीच असते असं नाही. कायदा खुर्ची देतो. तिच्यावर बसलेल्याला तोंड उघडायला लावणं मतदारांवर सोडतो.

हे सगळं लिहिताना आपल्या मोहल्ल्यातल्या ट्रस्ट आणि जमातीही डोळ्यांसमोर येतात. मी एका जमातीच्या वार्षिक सभेला बसलो आहे, नाव सांगत नाही. हिशेबावर एका तरुणाने प्रश्न विचारला. उत्तर मिळालं, 'बेटा, बुजुर्गांचा फैसला झालाय.' मशवऱ्याचं महत्त्व आपण उठताबसता सांगतो. त्या मशवऱ्यात वेगळं मत देणाऱ्याचं नाव कार्यवृत्तात लिहिलं जातं का? बायकांना सभेला बोलावलं जातं का? विधानसभेच्या अध्यक्षांकडून जे मागतो ते आपल्या सदरसाहेबांकडूनही मागायला हवं. त्यासाठी कुठलं विधेयक लागत नाही, एक वही आणि ती दाखवायची तयारी लागते.

१३ जानेवारीला दि. बां.च्या जन्माला शंभर वर्षं होतील. सगळ्याच पक्षांचे उमेदवार हार घेऊन जासईला, विमानतळाच्या कमानीला, जिथे फोटो मिळेल तिथे जातील, आणि मधल्या वेळेत आपल्या दारातही येतील. आपापल्या प्रभागात त्यांना दोन गोष्टी विचारा. स्थायी समितीचं कार्यवृत्त, कुणी कशाला विरोध केला त्या नावांसकट, संकेतस्थळावर टाकायचा आग्रह तुम्ही धराल का? आणि तुमचा पक्ष सत्तेत आला, समोर सातच नगरसेवक उरले, तर त्यांच्या नेत्याला विरोधी पक्षनेता म्हणून मान्यता किती दिवसांत द्याल? उत्तर लिहून घ्या, तारखेसकट, आणि आम्हाला पाठवा. आलेली सगळी उत्तरं, कुठल्याही पक्षाची असोत, मतदानाआधी इथे छापू.